चार खुर्च्या आणि एक दाढ

माणसाच्या प्रत्येक कृतीमागे काही ना काही कारण असते, हे विचारी लोक फार पूर्वीपासून मानत आले आहेत. कारण असूनही ती कृती त्याची स्वतःची म्हणावी की नाही, यावर मात्र त्यांचे एकमत झालेले नाही आणि इतक्यात होईलसे दिसत नाही. हा वाद आदरास पात्र आहे, कारण त्याच्या तळाशी माणसाची जबाबदारी आहे. अशा प्रश्नाला हात लावताना थोरांचेही हात कापतात. मग कोणी गृहस्थ चार खुर्च्या मांडून तोच प्रश्न घटकाभरात निकालात काढू लागला, तर त्याच्यापुढे अवश्य वाकावे. फक्त वाकलोच आहोत तर खाली काय दिसते, तेही पाहून घ्यावे.

एके सकाळी गावाच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांच्या चौकटींवर माणसे बसली होती, आणि चौकटींवर ज्यांना जागा मिळाली नव्हती ती बसलेल्यांच्या पायांना धरून उभी होती. समोरच्या बुटक्या व्यासपीठावर चार खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या: एक वेताची, एक लोखंडी, एक गादीची आणि एक साधी लाकडी. त्यांच्यामागे निळा पडदा, आणि बाजूला एका उंच आसनावर लोक ज्यांना ‘खुर्चीवाले महाराज’ म्हणत ते स्वतः.

चमत्कार अत्यंत सोपा होता आणि म्हणूनच अंगावर काटा आणणारा होता. शिष्य चारही खुर्च्या पडद्याआड नेत. महाराज आत जात, डोळे मिटून त्यांपैकी एकीच्याच बुडाखाली काही लिहीत, असे सांगण्यात येई. खुर्च्या पुन्हा बाहेर येत. मग समोरच्या माणसाने मनाला येईल त्या खुर्चीवर बसायचे. तो बसला रे बसला की शिष्य धावत येऊन उरलेल्या तिन्ही खुर्च्यांवर जाड पांढरी कापडे टाकत, माणसाला उठवत आणि त्याची खुर्ची उलटी करत. बुडाखाली तांबड्या अक्षरांत लिहिलेले असे: ‘हीच खुर्ची ठरली होती.’

“पाहिलंत?” महाराज विचारत. “तुम्हाला वाटलं, मी निवडली. अरे वेड्यांनो, नदीला वाटतं का, मी वळले? तुम्ही बसत नाही, बसवले जाता! मागताय ते मागितलं जातंय, खाताय ते खाल्लं जातंय!”

“आणि चुकतो ते, महाराज?” कोणीतरी हमखास विचारी.

“चुकवलं जातं!” महाराज म्हणत, आणि सभागृहभर सुटकेचा एवढा मोठा निःश्वास पसरे की पडदा हलत असे.

दाराशी एक पेटी होती. तीत काय टाकायचे, हे मात्र ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले होते.

या उपदेशाचे फळ गावात लवकरच दिसू लागले. चौकातला वाहतूक पोलीस शिट्टी खिशात घालून झाडाखाली बसू लागला. “धडकायचा तो धडकणारच,” तो म्हणे, “मधे हात करणारा मी कोण?” शिंप्याने शिवलेल्या सदऱ्याची एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी कोपरापर्यंत येऊ लागली. गिऱ्हाइकाने तक्रार केली की तो डोळे मिटून सांगे, “बाही आपलं माप घेऊनच जन्माला येते.” शाळेतल्या मुलांनी कोरे पेपर दिले, आणि मास्तरांनी ते न तपासता तसेच परत केले. एका गृहस्थाने तर लग्नाला कैक वर्षे झाल्यावर पत्नीला शांतपणे सांगितले, की मी तुला पसंत केलेच नव्हते, ते घडून गेले. त्या माउलीच्या हातातली कढई त्याच क्षणी निसटली. निसटायचीच होती. गृहस्थाच्या पायाला बांधलेला पट्टा पुढे बरेच दिवस लोक पाहत होते.

या गावात दातांचा दवाखाना एकच होता, आणि तो चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना नियतीचा हा कारभार जवळून दिसत होता. “दात घासायचे असतील तर घासले जातील,” असे रोगी त्यांना तोंडावर सांगत. घरोघरी ब्रश आपापल्या पेल्यांत उभे राहून नियतीची वाट पाहत होते आणि किडीला मात्र कसलीच वाट पाहावी लागत नव्हती. बाई हसून काम करीत राहत. पण त्यांचे हसू ज्या दिवशी मावळले, त्या दिवशी समोर बसलेला रोगी त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. तोही दवाखान्यात नव्हे, स्वतःच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. दवाखान्यात यायला तो तयारच नव्हता.

धाकटा घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढे स्क्रू फिरवणारा, अत्यंत नेमका माणूस. त्याची खालची दाढ सडली होती. गाल फुगून जबड्याची कडा दिसेनाशी झाली होती, आणि सूज आता हनुवटीखाली सरकू लागली होती.

“तोंड उघड,” बाई म्हणाल्या.

“उघडायचं असेल तर उघडेल,” धाकटा दातांच्या फटीतून म्हणाला.

“गोळ्या घेतल्यास?”

त्याने टेबलाकडे बोट दाखवले. कालच्या गोळ्या पेल्याशेजारी तशाच पडल्या होत्या. “मी सकाळपासून हाताकडे बघतोय. उचलतच नाहीये तो.”

आई चुलीजवळच्या स्टुलावर गुडघे चोळत बसली होती. ती म्हणाली, “काल असंच म्हणाला, जेवायचं असेल तर जेवण होईल. मी म्हटलं, बरं बाबा, मी काही वाढत नाही. कसा उठला पातेल्याकडे! तेव्हा बरा उचलला हात.”

“आई, तो हात भुकेनं उचलला.”

“मग आता दुखण्यानं उचल!”

“ताई, निदान तू तरी समजून घे, तू शिकलेली आहेस,” धाकटा कळवळून म्हणाला. “काटा म्हणतो, मी फिरतो. त्याला फिरवतं कोण? चाक. चाकाला? त्याच्या आधीचं चाक. आणि सगळ्यांच्या मुळाशी स्प्रिंग. माणूस तरी काय वेगळा आहे? मोठं घड्याळच ते.”

“तुझं घड्याळ सुजलंय,” आई म्हणाली.

भावाचे म्हणणे मूर्खाचे नव्हते, हे बाईंना कळत होते. त्यांनी विचारले, “तुझ्या दुकानात बंद पडलेलं घड्याळ आलं की तू काय करतोस?”

“झाकण उघडतो.”

“का? बंद पडायचं ठरलंच होतं म्हणून परत का नाही पाठवत?”

धाकटा गोंधळला. मग म्हणाला, “तो धंदा आहे ताई. धंद्यात नियती आणायची नसते.”

आईला ठसका लागला. बाईंना मात्र हसू आले नाही. त्यांनी त्याच्या गळ्याला बोटे लावून पाहिली. कातडी तापली होती. “नीट ऐक. ही सूज आणखी खाली उतरली तर श्वासाची वाट बंद होते. मग माझ्या चिमट्याचं कामच राहणार नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागेल, आणि तिथेही वेळेवर पोचलो तर. दाढ आजच काढायला हवी.”

धाकट्याने मान खाली घातली. मग तो हळूच म्हणाला, “‘माझ्या हातात काही नाही’ असं म्हटलं ना, की हात कसे हलके होतात गं. तू ती सुई घेऊन उभी राहतेस ना, ती मला बघवत नाही.”

तेव्हा बाईंना सगळा उलगडा झाला. त्यांच्या भावाच्या भीतीनेच तत्त्वज्ञानाची शाल पांघरली होती, आणि शाल अशी ऊबदार होती की काढवत नव्हती.

“आज महाराजांनाच विचारतो,” तो उठत म्हणाला. “ते म्हणाले काढ, तर काढू.”

“आणि नको म्हणाले तर?”

“तर नको.”

अशा रीतीने एका दाढेचा आणि तिच्या मालकाच्या प्राणांचा निकाल त्या सभागृहात लागायचा होता. बाई दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच निघाल्या. आईही निघाली. “मी येते,” ती म्हणाली. “गुडघे नको म्हणतायत, पण त्यांचं कोण ऐकतंय!”

गर्दीने सुजलेल्या गालाला वाट करून दिली आणि त्या गालामागून दोघींनाही पुढच्या रांगेत, अगदी व्यासपीठाला टेकून, जागा मिळाली. खुर्च्यांची बुडे बाईंच्या नजरेच्या किंचित खाली येत होती.

खुर्च्या पडद्याआड गेल्या, परत आल्या. धाकटा चारही खुर्च्यांसमोरून दोनदा फिरला आणि लोखंडी खुर्चीवर बसला. कापडे पडली. त्याची खुर्ची उलटी झाली. ‘हीच खुर्ची ठरली होती.’ सभागृह दुमदुमले.

“महाराज,” धाकटा हात जोडून म्हणाला, “दाढ काढू का?”

“काढणारा तू कोण?” महाराज गरजले. “फळ पिकलं की देठ आपण होऊन सोडतं. तिला हात लावू नकोस. ती उतरायची तेव्हा उतरेल!”

उतरेल, पण दाढ नव्हे, सूज, आणि तीही घशात, असे बाईंच्या मनात आले. त्या उठून म्हणाल्या, “महाराज, एक शंका आहे. दुसऱ्या खुर्च्या कधीच का उलटत नाहीत?”

सभागृहात कुजबुज झाली. महाराज मंद हसले. “बेटी, जी खुर्ची निवडली गेली नाही, तिच्यावर कोण बसलेलं असतं ठाऊक आहे? अघटित! जे घडलंच नाही, ते. त्याचं तोंड पाहू नये. पाहणाऱ्याचं घडलेलंसुद्धा विस्कटतं. म्हणून तर आम्ही कापड घालतो.”

“बिचारं अघटित, गुदमरत असेल,” आई पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंच्या धंद्यात एक सवय लागते. दातांची दर्शनी बाजू माणसे आपण होऊन दाखवतात. कीड मागच्या बाजूला, जिभेआड असते. तिथे नजर वाकडी करून जात नाही, म्हणून लांब दांड्याचा एक चिमुकला आरसा आत घालावा लागतो. तो आरसा कोटाच्या खिशात होता. महाराजांचा पुढचा भक्त व्यासपीठावर चढला, गादीच्या खुर्चीवर बसला, आणि ती उलटी होताच सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. त्या क्षणी बाईंनी रुमाल पडल्याचे निमित्त केले आणि वेताच्या खुर्चीवरच्या कापडाच्या काठाखालून आरसा आत सरकवला.

आरशात तांबडी अक्षरे होती. उलटी होती, पण ज्या बाईने जन्मभर आरशातच पाहून काम केले, तिला ती वाचायला कितीसा वेळ लागणार? ‘हीच खुर्ची ठरली होती.’

आता ओरडावे, तर एवढ्या गर्दीत एकटीचे कोण ऐकणार? शिष्य कापडासकट खुर्ची पळवतील, आणि भाऊ कायमचा हातचा जाईल. त्यांनी आईच्या कानाशी लागून दोनच वाक्ये सांगितली. आईने नुसती मान हलवली आणि गुडघे चोळले.

“महाराज, आता माझी खुर्ची सांगा,” बाई मोठ्याने म्हणाल्या.

“डॉक्टरीणबाईसुद्धा शरण आल्या!” अशी आरोळी झाली. खुर्च्या आत गेल्या, बाहेर आल्या. बाई व्यासपीठावर चढल्या. आईही त्यांचा हात धरून चढली. बाई लाकडी खुर्चीवर बसल्या. शिष्य कापडे घेऊन धावले. पण ते पोचण्याआधीच आई, “आई गं, उभं राहवत नाही,” म्हणत शेजारच्या वेताच्या खुर्चीत धपकन बसली.

“आजी! उठा, उठा! तिथे अघटित बसलंय!” शिष्य किंचाळला.

“मग त्याला म्हणावं, जरा सरकून घे. म्हातारं माणूस आहे.”

सभागृहात हशा पिकला. महाराज आसनावरून पुढे झुकले. ते म्हणाले, “माताजी, ही वेळ तुमच्या मुलीची आहे.”

“असेल. पण मी बसले ते बसले ना? म्हणजे तेही घडलेलंच. की मी बसलेच नाही?”

या बिनतोड युक्तिवादाला पुढच्या रांगेतल्या शिंप्याने जोरात मान डोलावली. तो मोठा भाविक होता. “खरंय महाराज! आजी बसल्या, म्हणजे तुम्हाला आधीच ठाऊक असणार. दाखवा, दाखवा आजींची खुर्ची!” असे म्हणत त्याने स्वतःच पुढे होऊन आईला आदराने उठवले आणि खुर्ची उलटी केली.

‘हीच खुर्ची ठरली होती.’

टाळ्यांनी छप्पर उडायचे बाकी राहिले. “महाराजांनी आजींनासुद्धा ओळखलं!” शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आले. बाईंनी आपलीही खुर्ची उलटून दाखवली. तीच अक्षरे. टाळ्या आणखी वाढल्या.

“मग आता मीही बसतो!” असे म्हणून भारावलेला शिंपी गादीच्या खुर्चीवर बसला, उठला, त्याने ती उलटी केली. तीच अक्षरे. “माझंही ठाऊक होतं!” टाळ्या पुन्हा पडल्या; परंतु या वेळी काही लोकांनी त्या अर्ध्यात थांबवल्या आणि ते आपल्याच तळहातांकडे पाहत राहिले.

वाहतूक पोलीस मागून वाट काढत आला. तो लोखंडी खुर्चीवर बसला नाही. तिच्याभोवती एक फेरी मारून त्याने ती नुसतीच उलटी केली. तीच अक्षरे होती.

या वेळी टाळी वाजली नाही. पोलिसाने टोपी काढली. “म्हणजे मी कुठंही बसलो असतो तरी...”

“तरी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आणि उभाच राहिलो असतो तर?”

महाराजांच्या एका शिष्याची बुद्धी बेताची होती. त्याला वाटले, हा प्रश्न आपल्यालाच आहे. त्याने सवयीने निळ्या पडद्याची घडी उलगडली. आतल्या बाजूला मोठ्या तांबड्या अक्षरांत लिहिले होते: ‘हा उभा राहणार होता.’

“हेसुद्धा ठरलेलंच होतं!” महाराज उंच आसनावरून ओरडले. “आज हे सगळं उघड होणार, हे मला ठाऊक होतं!”

“असं? मग ते कुठं लिहिलंय?” आईने विचारले. “दाखव बघू बाळा.”

महाराजांनी चहूकडे पाहिले. चारही खुर्च्या पाय वर करून पडल्या होत्या. शिंप्याने महाराजांना हाताला धरून खाली उतरवले आणि ते उंच आसनही उलटे केले. त्याच्याखाली काहीच लिहिलेले नव्हते. दाराजवळच्या पेटीची किल्ली मात्र चिकटपट्टीने चिकटवलेली होती.

पुढे आरडाओरडा झाला, तेव्हा पोलिसाला कितीतरी दिवसांनी शिट्टीची आठवण झाली. त्या कर्कश आवाजात खुर्चीवाल्या महाराजांनी मागच्या दाराची निवड केली. ती त्यांनी संपूर्णपणे स्वेच्छेने केली, असे पाहणारे सांगतात.

धाकटा मात्र जागचा हलला नव्हता. उघडलेल्या घड्याळाकडे पाहावे तसा तो उलट्या खुर्च्यांकडे पाहत होता.

“इतकं साधं?” तो म्हणाला. “मी दिवसभर दुसऱ्यांची झाकणं उघडतो आणि इथं एकदाही...”

“तूच एकटा नाहीस. न बसलेली खुर्ची कोण उलटून बघतं?”

“पण ताई, स्प्रिंगचं काय? कारण तर असतंच ना प्रत्येकाला?”

“असतं. तुला भीती वाटली, म्हणून तू त्याच्याकडे गेलास. त्याला ती भीती दिसली, म्हणून त्यानं अक्षरं लिहिली. सगळ्यालाच कारण आहे. पण कारण आहे म्हणूनच तर झाकण उघडून ते शोधता येतं, आणि सापडलं की काहीतरी करता येतं. ‘ठरलेलं’ म्हटलं की झाकण बंद.”

“आणि आता मी तुझ्याबरोबर आलो, तर ते मी ठरवलं, की दुखण्यानं?”

“मला नाही माहीत,” बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. “पण दुखण्याला दवाखान्याचा पत्ता ठाऊक नाही. तुला आहे.”

दवाखान्यात खुर्ची एकच होती. धाकटा तिच्यापुढे येऊन थांबला. मग एक हात गालावर दाबून, कण्हत, तो खाली वाकला आणि त्याने तिच्या बुडाकडे नीट पाहिले.

“काय बघतोस?”

“काही लिहिलंय का.”

“मग?”

“कोणीतरी च्युइंग गम चिकटवलाय.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.” तो सरळ झाला. आई दाराशी उभी होती. बाईही सुई ट्रेमध्ये झाकून, हात बाजूला घेऊन उभ्या राहिल्या. कोणीही त्याला धरले नाही, ढकलले नाही, समजावले नाही.

“बसतो,” धाकटा म्हणाला आणि बसला. मग डोळे घट्ट मिटून त्याने, सुजलेल्या जबड्याला साधेल तेवढे, तोंड उघडले.

दाढ निघाली, पू वाहून गेला. आता गोळ्या वेळेवर घ्यायच्या, असे बाईंनी बजावले, तेव्हा भावाने स्वतःच्या हाताने पहिली गोळी तोंडात टाकली आणि त्या हाताकडे जरा कौतुकाने पाहिले. दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. त्याच आठवड्यात शिंप्याच्या दोन्ही बाह्या सारख्या आल्या.

वाचकहो, इच्छा मुळात मोकळी आहे की बांधलेली, याचा निर्णय या गोष्टीने लागत नाही. तो ज्ञानी जनांवर सोडावा. परंतु कोणी तुम्हाला तुमचे हात तुमचे नाहीत असे सांगू लागला, तर तो त्या हातांतून काय काढून घेतो आहे, इकडे लक्ष द्यावे. जे दाखवले ते पाहावेच. पण जे झाकले आहे तेही, न घाबरता, उचलून पाहावे. त्याने कोणाचेही काही विस्कटत नाही.

त्या घड्याळजीची जखम लवकर भरून येवो. त्याच्या बहिणीचा हात असाच स्थिर राहो आणि आईच्या गुडघ्यांना आराम पडो. ज्यांना भीती वाटते, त्यांच्याजवळ हात न धरताही थांबणारे कोणी असो. आणि मागच्या दाराने गेलेल्या त्या गृहस्थालाही कुठेतरी एखादी अशी साधी खुर्ची मिळो, की जिच्याखाली त्याला काही लपवावे लागणार नाही.